अख्खा कालवा उकळलात का?

...आणि वर मलाच विचारतात, "काका, अख्खा कालवा उकळलात का?" आता तुम्हीच सांगा, साठी उलटलेल्या माणसाला हे विचारणं शोभतं? कोण म्हणता? अहो, त्या पाणी तपासणाऱ्या बाई! माझी काकडी यंदापासून जाते शाळेच्या जेवणात, पोरं ती कच्ची खातात, माझी नातही त्यातच, म्हणून पिकाला देतो त्या कालव्याच्या पाण्यात जंतू किती ते दर महिन्याला मोजायचं, असा शाळेचा नियम. मोजायचं काय त्यात? पाणी कसं, आरशासारखं!

बाईंनी सीलबंद बाटली दिली, म्हणाल्या, पंपाजवळून भरा, बर्फात ठेवून पाठवा. भरली. पण आमच्या हिने ती उजेडात धरली आणि म्हणाली, "परक्याच्या दारी असलं पाणी पाठवायचं? लोक काय म्हणतील?" झालं! पातेलं चढलं, पाणी खळखळा उकळलं, दुपदरी फडक्यातून गाळलं, आणि गेलं. चौथ्या दिवशी फोन, एकही जंतू नाही, आणि पुढे तो प्रश्न... मी खरं ते सांगितलं, कालवा नाही हो, बाटलीपुरतंच. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मला वाटलं सुटलो.

कसला सुटतोय! दुसऱ्याच दिवशी स्वतः हजर, गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरल्या, आणि निकाल असा आला की काकडी तोडूच नका, वेलीवरच राहू द्या. मी भडकलो. म्हटलं, वरच्या अंगाला तो बदकवाला आहे, तीन वर्षं सांगतोय, सगळी घाण त्याच्या बदकांची, नाहीतर पाणी कसं, आरशासारखं! बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, भांडायच्या आधी मोजू या."

मोजलं. बदकांपाशी पाणी बरं निघालं, माझ्या पंपापाशी वाईट. आणि मधे काय? मधे आमचं घर! आमच्याच संडासाची नळी मातीखाली फुटलेली, पाझर थेट कालव्यात... तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. दिसायला पाणी तेव्हाही आरशासारखंच होतं हो! बाईंनी थांबवलं नसतं तर ती काकडी नातीच्या ताटात पडली असती, माझ्या हातची.

नळी बदलली. फवारा काढून टाकला, आता पाणी थेंबथेंब मुळाशी, काकडीला लागतच नाही. बदकवाल्याची माफी मागितली. भला माणूस, एवढंच म्हणाला, तुमची माफी बदकांना कळवतो. ओळीने तीन निकाल चांगले आले तेव्हा कुठे शाळेने काकडी परत घेतली. त्या बाईंना मनात किती शिव्या घातल्या होत्या मी, आणि आता सकाळी देवाआधी त्यांचं नाव घेतो, खोटं नाही सांगत. पोरं वाचली, आणखी काय हवं?

एकच त्रास झालाय. परवा कोवळी काकडी सोलून, मीठ लावून नातीच्या पुढ्यात धरली, तर हात मागे घेऊन म्हणते, "आजोबा, आधी रिपोर्ट दाखवा." दाखवतो बापडा. चष्मा लावून वाचूनही दाखवतो.