सासूबाईंची निळी गाडी

माझ्या गाडीचा नंबर यायचा होता. पुढची बाई पेंटरला सांगत होती,

“सासूबाई परत यायच्या आत हा ओरखडा गेला पाहिजे. गाडी त्यांची आहे.”

“जाईल की! पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून उन्हात धरतो आणि त्यावरून रंग जुळवतो.”

“कंपनीचा तयार रंग चालेल ना?”

“तो नव्या गाडीचा निळा. तुमचा उन्हानं विटलाय. हे बघा, मागच्या दाराखाली कुणीतरी तोच फासलाय. लांबूनही उठून दिसतो.”

“हे मी नाही केलं.”

“मग गाडी आणखी कोण चालवतं?”

“फक्त सासूबाई. ‘माझ्या हातून आजवर साधा ओरखडा नाही,’ असं रोज ऐकवतात मला!”

“दोन्ही डाग एकदमच मिटवू का?”

“माझा मिटवा. त्यांचा राहू द्या, छान उठून दिसतोय.”