जीपच्या पोटाखालची पेटी

आता आमच्या हातात काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या हौसेची, प्रवासात स्वयंपाकाचं सामान ठेवायची पेटी जीपच्या पोटाखाली बसली होती. झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. ती गेल्यावर काही महिन्यांनी तो पेटी काढून घ्यायला गॅरेजात आला. शेजारच्या गाडीला तशीच पेटी बसवून घ्यायला एक जोडपं मिस्त्रीच्या डोक्यावर बसलं होतं.

"अहो, पेटी माझ्या दाराखाली हवी. स्टोव्ह, पातेलं, सगळं हाताशी."

"अगं, तिकडे सायलेन्सर आहे. तुझे बटाटे गाडीतच भाजून निघतील."

"मग तुमच्या बाजूला."

"तिथे माझा जॅक राहणार."

"जॅक कधीतरी लागतो. चहा तुम्हाला दर वळणावर लागतो."

"बरं बाई, ठेव तुझा स्टोव्ह."

"आणि झाकण खाली उघडणारं करा, मिस्त्री. म्हणजे त्याच्यावरच पातेलं ठेवता येईल."

"साखळी लावतो, ताई. फळीसारखं आडवं राहील."

"बघा, त्यांना लगेच कळलं!"

"त्यांना कुठे तुझ्याबरोबर फिरायचंय!"

मिस्त्री हात पुसत त्याच्याकडे वळला.

"काका, तुमची पेटी काढायची ना?"

"झाकण कसं उघडायचं, म्हणाली होती ती?"

"काकू म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला येऊन दाखवते."

"मग राहू दे. काढू नकोस."

"झाकण लावू?"

"आज नको."

पेटी जीपखाली आहे. झाकण अजून लावायचं आहे.