येऊन राह्यलं

मेहकरच्या दवाखान्यात माझ्यापुढे ओळीत बसलेल्या दोघी बोलत होत्या.

“गोजरबाई, हात कायनं सोलले?”

“दोरानं, चांदबी. काल मालकाले विहिरीतून वर ओढलं.”

“अजून खंदूनच राह्यले ते?”

“हाव. धाकटी झाली तवापासून. सारा खडक. रोज वरून इचारलं का खालून म्हणत, पाणी येऊन राह्यलं.”

“कोरड्या खडकातून?”

“विहिरीत उतरलं का ‘नाही’ म्हणत नसतात, बाई. विहीर आयकते.”

“मग काल ओढलं काऊन?”

“इचारलं तं आवाजच नाही. जीव खाऊन ओढलं. वर आले तं कमरेपर्यंत ओले.”

“या अल्ला.”

“मी म्हणलं, आता तं म्हणा, आलं म्हणून.”

“म्हणले?”

“काठावर बसले. खाली कान देऊन हळूच म्हणे, आयक, अजून येऊन राह्यलं.”