दिवा माझ्याच मशीनवर

थांब थांब, एल्मेर — शिडी टेकव तिथे, पण चढू नकोस अजून. जेवणाची सुट्टी आहे, पोरी सगळ्या बाहेर बालेआदा खातायत, मी काय म्हणते ते ऐक तरी. लाल दिवा लावायला माझंच मशीन सापडलं का त्या इंजिनिअरला? हो, ठाऊक आहे, तुझा काय दोष, तू हुकमाचा ताबेदार. सकाळभर घड्याळ घेऊन माझ्या पाठीमागे उभा होता मेला. म्हणे, डोन्या ओतिलिया, अख्ख्या लाइनीचं काम तुमच्यापाशी येऊन तुंबतं, तुम्ही म्हणजे बाटलीचा गळा. गळा! तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून या चोलोमात टी-शर्ट शिवतेय मी, आणि मला म्हणतो गळा!

हसतोस काय? सुयापाच्या डोक्यावर दिवा तूच लावलास ना? काय झालं तिचं? गेटाबाहेर तोर्तिया विकतेय. बोनस सगळ्या लाइनीचा एकत्र — दिवा लागला की पोरीच त्या एकीला खाऊ की गिळू करतात, साहेबाला तोंड उघडावंच लागत नाही. आणि मला या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

ढीग? दिसतोय मला ढीग, आंधळी नाही झाले. पण तो का साचतो हे विचारलं कुणी? ये इकडे. उचल हा शर्ट. खांद्याची शिवण बघ — वाकडी. हा घे, हाही तसाच. मग मी काय करू? आधी ती उसवायची, सरळ घालायची, मग त्यावर माझी गळ्याची पट्टी. एका पगारात दोघींचं काम! तपासणीतून माझा एक तरी शर्ट परत आलाय का? नाही ना? मग! आणि संथ कोण, तर मी.

कोण म्हणजे? खांदे कोण शिवतं, ठाऊक नाही तुला? यादिरा. माझी सून. लग्नबिग्न झालं नाही, पण सूनच. चांगली शिवते रे पोरगी — म्हणजे शिवायची. आता हात थरथरतात, मधूनच अंधारी येते, अर्धा वेळ बाथरूममध्ये ओकत — उकाड्यानं. उकाडा बाधतो तिला. पत्रे किती तापतात बघ ना. तसा काय बघतोस? उकाडाच म्हटलं मी.

बरं बाबा. चार लेकरांचा बाप तू, तुझ्यापासून काय लपणार. ढगळ कपडे घालते म्हणून दिसत नाही अजून. कंत्राट तिचं ईस्टरच्या पवित्र आठवड्यानंतर संपतंय, पोट दिसलं तर नवं कोण देणार? आणि माझा दार्विन... उत्तरेला, अमेरिकेत कामाला म्हणून निघाला, ग्वातेमालातून एकदा फोन आला, आई, पुढे निघतोय म्हणाला. त्यानंतर काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, एल्मेर. येईल येईल म्हणतात सगळे, पण तोंडं दिसतात ना मला त्यांची. भीती वाटते रे. तो नाहीच आला तर तिच्या पोटात आहे तेवढंच उरणार माझं. म्हणून उसवते. उसवते आणि शिवते — तिलासुद्धा पत्ता नाही. बाहेर बोलू नकोस कुठे. मी तरी कशाला बोलले!

अरे, शिडी कुठे नेतोस? तिच्या मशीनकडे? एल्मेर! काम तिथे अडतंय ते खरं, तुझं म्हणणं न्यायाचं — चुलीत घाल तुझा न्याय, आण ती शिडी इकडे! साहेबाला समजावतोस? काय समजावशील? त्याला अडलेली जागा मोकळी करायचीय, तो पोरगीच काढून टाकेल, संपलं. तुझ्या आईच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, त्याची शपथ... नाही, ते नको, ते कशाला काढू. नुसते हात जोडते.

हं. टेकव. इथे, माझ्या खुर्चीच्या बरोब्बर वर. जरा डावीकडे घे, सगळ्यांना दिसला पाहिजे.

श्श — आली ती. ये गं यादिरा, बस, दोन घास खाऊन घे आधी. हे होय? दिवा लावतोय. माझे हात चालत नाहीत गं आता पूर्वीसारखे, वय झालं, काम तुंबतं माझ्याकडे. खोटं वाटतं तर एल्मेरला विचार. सांग की रे तिला. एल्मेर — सांग ना.