सोजराबाईची रांग

(साल १९५६. पिंपरीला कारखाना उभा राहतोय, त्याच्या पायी गावाला एक नळ मिळालाय. हिंदुराव सरपंच सकाळीच नळावरून तणतणत ओसरीवर आलेत. राजीनामा द्यायची हौस दांडगी, पण अक्षर कोंबडीचे पाय. म्हणून लिहायला बीडहून कारखान्याच्या कामाला आलेल्या ज्योतीरामला बसवलंय. सरपंचीणबाई दुर्गाबाई आत भाकरी थापतायत.)

हिंदुराव : लिव. ‘ह्या गावाला नळ चालवता येत न्हाई, मला गाव चालवता येत न्हाई. सबब राजीनामा.’

ज्योतीराम : सरपंच, जरा दमानं घ्या की.

दुर्गाबाई : रोजचंच हाय, का काय नवं?

हिंदुराव : नवं! आदी नियम केला, जो आदी यील त्यो आदी भरंल. लोकांनी रात्रीच दगडं मांडली. म्हनलं, दगड चालायचा न्हाई, हंडाच पायजे. फुटकं हंडं मांडलं! काल म्हनलं, मानूस पायजे. तर यशवंतानं आज म्हातारी चुलती आनून बसवली!

ज्योतीराम : बसवली न्हाई, बाजेसगट आणली. सोजराबाई घोरायलती नळापाशी.

हिंदुराव : आन् तिचा नंबर झाला, तर शालनबाईनं तीच म्हातारी आपल्यासाठी मागून घेतली!

दुर्गाबाई : अगं बया! म्हातारीला भाव आला म्हना की.

हिंदुराव : हसू नगंस. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. नियम मोडनारच, मग करायचा कशाला?

दुर्गाबाई : तुमची दाढी रोज वाढती. म्हून न्हाव्याला गावातनं घालवला का?

हिंदुराव : त्ये येगळं. उद्यापास्नं ज्याचं त्यानं बघावं. बळी तो कान पिळी!

दुर्गाबाई : म्हंजी मालोजी पैलवान.

हिंदुराव : आसू दे.

ज्योतीराम : असू दे कसं, सरपंच? नियम नव्हता तवा ‘बाहेरच्यांना पाणी न्हाई’ म्हणून त्यानं माझ्याच डोक्यात घागर घातलती. ही बगा खोक. तुमी सरपंचकी सोडलाव तर आमच्या कामगारांच्या चाळीनं प्यावं काय?

दुर्गाबाई : आन् आज कुटं हुता मालोजी?

ज्योतीराम : रांगंतच की. सोजराबाईच्या मागं.

हिंदुराव : मालोजी? रांगंत?

ज्योतीराम : शिव्या लई देयलता. पण उभा व्हता. म्हातारी उठायची वाट बगायलता.

हिंदुराव : तिला ढकलली न्हाई?

ज्योतीराम : उलट तिच्या अंगावरचं घोंगडं सरकलं, ते नीट केलं त्यानं.

हिंदुराव : आस्सं... लिव, ज्योतीराम.

ज्योतीराम : राजीनामा?

हिंदुराव : राजीनामा गेला खड्ड्यात. नियम लिव. ‘एक म्हातारी, एकच घर. उद्यापास्नं लागू.’

दुर्गाबाई : ह्यो बी मोडतील बरं का.

हिंदुराव : मोडू द्यात. आनिक एक करू.

दुर्गाबाई : मग परवापास्नं लागू करा. उद्याला सोजराबाई मी सांगून ठिवलीया.