पुढच्या सीटवरचा गारठा

— नाय रे बाबा, नुसता हीटर नाय. हीटर म्हटलं की तू पाना घेऊन खाली घुसशील, नि उद्या पुन्ना आमचं रडगाणं तेच. पाइप येईस्तोवर तुला दुसरं काय काम हाय? बस त्या टायरवर. नामदेव ना नाव तुजं? मंग नामदेवा, पयल्यापासून ऐक. दातिवऱ्याला एक म्हातारी होती, येसूबाई तिचं नाव. तिला एक मुलगा, कमलाकांत. कमलाकांतची बायको नलू. नि तिघांना मिळून एक गाडी — हीच, तुज्या दारात तोंड वासून उबी हाय ती. हसतोस काय? येसूबाई कोण म्हणून विचारायचं नाय. गोष्टीतल्या म्हातारीला जे बोलता येतं ते मला माज्या तोंडाने बोलता येत नाय, म्हणून तिला बोलू दे.

तर हा कमलाकांत. बाप दर्याचा, आजा दर्याचा, नि हा होडीत पाय ठेवला की ओकायचा. लिंबू चाटवलं, अंगारा लावला, दंडात ताईत बांधला — पण किनारा जरा मागे पडला की ह्याचं सुरू! खलाशी म्हणायचे, आजी, ह्याला घरी ठेवा, जाळ्यात मासळी कमी नि ह्याचंच जास्त. शेवटी म्हातारीच म्हणाली, राहू दे, तू सुकी मासळी विक, जमीन काय हलत नाय. त्याच साली बोईसरच्या एका कंपनीने आपला फिरता दवाखाना लिलावात काढला. परदेशातल्या कुणी धर्मात दिलेली गाडी, थंड मुलुखातली, म्हणून केबिनमध्ये गरम हवेची सोय. मागे पेशंटला झोपवायची फळी, हात धुवायचं भांडं, औषधांची कपाटं. आमी ती घेतली, कपाटात जवळा नि सोडे भरले, फळीखाली बोंबलाच्या गोणी — चालतं घरच म्हण. विक्रमगड, जव्हार, मोखाडा, पार त्र्यंबकच्या वाटेपर्यंत बाजार करायचे नि गाडीतच झोपायचं. बाहेरचा लाल क्रॉस कमलाकांतने निळ्या रंगाने बुजवला, पण ऊन पडलं की तो मेला आतून डोकावतो. अजून मोखाड्याला गाडी थांबली की पोरं कडेवर घेऊन बायका रांगेत उब्या. एकीला म्हातारी म्हणाली, बाई, औषध नाय गो, बोंबील हाय. ती म्हणते, खोकल्यावर चालतो काय?

आता तरास ऐक. गाडी धुवायची कशाने? होडी धुतो तशी! ओहोटीला वाळूवर उतरवायची नि दर्याच्या पाण्याने घसाघसा. असा डोक्याला हात लावू नको. लाकडाला खारं पाणी मानवतं, पत्र्याला नाय मानवत, हे त्या पोराला कळलं केवा? ब्रेकवर पाय ठेवायला गेला नि पायाखाली रस्ता दिसला तेवा. पळता रस्ता! नि त्या भोकांतून थंडगार वारा सरळ म्हातारीच्या लुगड्यात. मंग शहाण्याने काय करावं, तुज्यासारख्याकडे यावं, पत्रा मारून घ्यावा? छे. कापूस कोंबला नि वरून डांबर फासलं, होडीच्या फटी बुजवतात तसं. मोठा कौतुकाने म्हणतो, आई, आता पाण्याचा थेंब येणार नाय. अरे, पाणी कुणाला अडवायचंय! जव्हारचा घाट चढताना इंजिन तापलं, डांबर पातळ झालं, नि म्हातारीची चप्पल जी चिकटली ती चिकटली — अजून हाय बग तिथे, पट्टा तेवडा वर दिसतो. डाव्या बाजूची काच वर जात नाय, तिथे ह्याने जाळ्याचा तुकडा बांधलाय — जाळ्यात वारा अडकतो होय रे? छप्पर गळतं ते नेमकं सोड्यांच्या कपाटावर. मागच्या दाराला कडी नाय, रात्री दोरीने बांधायचं, नि कुणाला बाहेर जायचं झालं की आदी गाठ सोडा. ही काय रीत झाली राहायची?

नि हीटर. मे महिन्यात त्याची चावी अडकली, गरम हवा बंदच होईना. मासळीपेक्षा आमीच सुकायला लागलो. कमलाकांतने बोईसरला एका मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, ‘‘माताजी, इधर हीटर का क्या काम? ऊपरवाले ने मुफ्त में दे रखा है।’’ नि गरम पाण्याचा पाइपच कापून टाकला. तोंडाला तोंड जोडून दिलं. बरं, मे महिन्यात त्याचं काय चुकलं? आमी तर त्याला चहा पाजला! पण पौषात मोखाड्याला जाऊन उबं राहा म्हणावं. दात वाजतील म्हणावं तर वाजायला दातच उरले नाय माजे — म्हातारीचे.

हां, तर नलू. ती आता वडराईला हाय, माहेरी. भांडून नाय गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, चार शब्द इकडचे, चार तिकडचे, मोकळं झालं असतं. बाजारातून आलो, तिने भांडी घासली, माज्या पाया पडली नि म्हणाली, आई, गाडी नीट झाली की निरोप धाडा, मंग येईन. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. सगळा दातिवरा म्हणतो, नाजूक हाय, थंडी सोसत नाय तिला. कमलाकांतलाही तेच वाटलं. पालघरला जाऊन तिच्यासाठी स्वेटर घेतला, गुलाबी, मोठ्या बटणांचा, नि कुणाच्या तरी हाती वडराईला धाडला. तिने परत पाठवला. घडी सुदा मोडली नव्हती. हा तो स्वेटर मांडीवर घेऊन बसला नि मला विचारतो, आई, रंग नसंल आवडला काय? — काय सांगायचं अशाला!

काय म्हणालास? इंजिन बंद केलं की गरम हवाही बंद? म्हणजे — थांब, थांब. म्हणजे गाडी चालते तोवरच ऊब? मंग रात्री? अरे देवा. रात्रीसाठीच तर पायजे! दिवसा काय, दिवसा ऊन असतं, माणूस गोधडी घेऊन बसतो. मला रात्रीचं बोल. — कुणासाठी म्हणजे? जो झोपेल त्याच्यासाठी! आता कमलाकांत झोपतो पुडे, अंगाचं मुटकुळं करून, पहाटेपर्यंत खोकतो. मागे फळीवर म्हातारी, नि फळीच्या खाली, गोणींच्या बाजूला नलू. — हो, लग्नाला चार वर्सं झाली. — हो, तशीच झोपतात. म्हातारीला का थंडीत पुडे टाकणार? पोरगा तसा नाय माजा. तोच म्हणाला, आई, तू मागे झोप, मागे वारा लागत नाय. नि म्हातारीला बरं वाटलं, सून रात्री पाय चेपून देते, तिच्याशी बोलता बोलता झोप लागते. त्यात काय वाईट होतं? 

मंग नलू माहेरी जायच्या आदीचा एक विक्रमगडचा बाजार. दुपारची वेळ, गिऱ्हाईक पांगलेलं. म्हातारी मागच्या दारात तराजू घेऊन बसलेली. जवळा संपला म्हणून पुडे सांगायला गेली. केबिनची दारं लावलेली, उन्हाने आत छान तापलेलं, काचेला दोघांनी पिशवी लावलेली. नि आत नलू हसत होती. तशी हसते रे ती, चारचौघात पदर तोंडाला लावून. हे तसं नव्हतं. गळा मोकळा सोडून, पोरीबाळी पाण्यात खेळताना हसतात तसं. कमलाकांत काहीतरी सांगत होता, समुद्रात ओकायचा त्याचीच नक्कल करत होता बहुतेक, नि ती म्हणत होती, पुरे, पुरे, पोट दुखलं माजं. माज्या घरात, माज्या गाडीत ते हसणं मी कदी ऐकलं नव्हतं. नि मी काय केलं? काचेवर थाप मारली. जवळ्यासाठी. हसणं बंद. दार उघडलं, डोक्यावर पदर, ‘‘काय पायजे, आई?’’

मी म्हटलं, काय नाय.

— मी नाय, म्हातारी. म्हातारी म्हणाली, काय नाय.

गावातल्या बाया तिला विचारतात, पाळणा केवा हलायचा? नि विचारणाऱ्यांत सगळ्यात पुडे ही म्हातारी! तिने नलूला डहाणूच्या महालक्ष्मीला नेलं, ओटी भरली, नवस केला. देवी म्हणत असेल, येसूबाई, आदी तू फळीवरून ऊठ. 

बोल, बोल, तुज्या मनात हाय ते बोल. म्हातारीने घरी राहावं, हो ना? गावात जिवल्याची आई राहते, चिंतूची आई राहते. राहून बगितलं मी. पाऊस संपल्यावर म्हटलं, तुमी दोघं जा बाबांनो, माजे गुडघे दुखतात. घर मोठं हाय आमचं. ह्यांची होडी आली नाय त्या वर्सापासून मी त्या घरात दुपारची एकटी बसत नाय. दारातून दर्या दिसतो ना रे. सगळी होडकी दिसतात, येणारी, नांगर टाकणारी. बसलं की नजर मोजायला लागते, कोण आलं, कोण राहिलं. मी तिसऱ्या दिवशी एस.टी. पकडून जव्हारला गेले, बाजारात गाडी शोधली नि चढून बसले. म्हटलं, कमलाकांतला भाव करता येत नाय, सगळं फुकट देऊन टाकील. नलूने मला चहा दिला, नि फळीवर माजं अंथरूण घातलं. त्यानंतरच माहेरी गेली ती.

म्हणून तुला सांगते, केबिन गरम कर. ती माज्यासाठी पायजे. मी पुडे झोपणार. पण पुडे गारठा असंल तर कमलाकांत मला झोपू देणार नाय, नि त्याला खरं कारण मी आई असून कसं सांगू? म्हणून हीटर, हीटर करत बसलेय. इंजिन बंद तर बंद. दोन सीटच्या मध्ये ते लोखंडी कुबड हाय ना, इंजिनाचं झाकण, ते थांबल्यावरही घटका दोन घटका ऊन असतं, मी हात लावून बगितलंय. चूल विझल्यावर मांजर बसते तशी त्याला पाठ लावून झोपेन. तू एवडंच कर — खाली पुरा पत्रा मार, डांबर खरवडून काढ, काच वर ने, दाराला रबर लाव, दोन्ही सीटवर आडवी फळी टाक. ऊब आत अडली की पुरे मला. मागच्या दाराला आतून चांगली कडी बसव. नि केबिनमधून मागे बगायची ती खिडकी हाय ना, तिच्यावरही पत्रा ठोक. वारा येतो तिच्यातून. — वाराच! दात काय काढतोस?

पण हा कमलाकांत अजून कसा नाय? पालघरला पाइप आणायला सकाळी गेला, किती वेळ लागतो पाइपाला? चुकीच्या मापाचा घेऊन येईल बग, नि पुन्ना जाईल. एक काम धड — ती बग, पालघरची एस.टी. वळली. उतरला. आला बाबा. गळ्यात पाइप घातलाय, लिलावातला बैल जसा. आता वर का बगतोय, उतरला तर चल ना — कुणाची पिशवी घेतोय? नामदेवा, माजी नजर आता पूर्वीसारखी नाय. ती हिरव्या लुगड्यातली कोण हाय रे? 

नलू हाय.

नलूच हाय. ह्याला मी पाइप आणायला धाडला, नि हा वडराईला जाऊन आला. मी न सांगता! पोराला एवडी अक्कल आली केवा?

ऊठ, ऊठ टायरवरून. डोळे पुसत नाय मी, तुज्या गॅरेजमध्ये धूर किती तो. नि हे बग, मी तुला काय सांगितलं? काय सांगितलंच नाय. — ये गो, ये. बरी हायस ना? घरची बरी? पिशवी मागे टाक, फळीवर. माजं अंथरूण नाय तिथे, मी पुडे नेलं. नाय गो, थंडी कसली, हा मिस्त्री सगळं बुजवून देतोय. मला पुडून रस्ता बगायला आवडतो. काय बोलत होते? काय नाय, हीटरचंच. ह्या माणसाला एक काम सांगितलं की छप्पन गोष्टी विचारत बसतो. — बगतोस काय रे तोंडाकडे? पाइप आला ना? घुस खाली!