आधी ती रजई काढ

हॅलो?… हां ताई, बोल… दुकानातच आहे, बोल तू… कॉम्प्युटर परत बंद पडला? भावोजी वाक्य वाचत असतानाच?… अगं, रडू नकोस. आधी सांग, झालेली वाक्यं शाबूत आहेत ना?… आहेत. मग झालं तर.

चालू कर बघू. कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसतोय?… किती?… सत्त्याण्णव! अगं बाई, प्रोसेसर आहे की तवा?… नाही नाही, बिघडलेला नाही. जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो तो. तेवढा शहाणा आहे.

पंखे फिरतायत?… इतके हळू का?… तूच कमी केलेस? घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून… बरं. आणखी काय केलंस? खरं सांग… काय? अख्ख्या डब्याला रजई गुंडाळलीस?

छे गं, हसत नाहीये… बरं, हसलो थोडा. भावोजींच्या आवाजात दुसरं काही मिसळू नये म्हणून केलंस, कळतं मला. पण पुढून गार हवा आत आली पाहिजे, मागून गरम हवा बाहेर गेली पाहिजे. तू तर त्याचं नाकतोंडच दाबलंस.

हो, हो… अगं ऐक ना! उद्या ऑपरेशन आहे, मला का माहीत नाही? स्वरयंत्र काढलं की पुढे या वाक्यांवरून शिकून कॉम्प्युटरच बोलणार त्यांच्या आवाजात, तेही माहीत आहे. सेटिंग मीच करून दिलं ना? म्हणून म्हणतो, घाबरून काही करू नकोस.

आधी ती रजई काढ. पंखे पूर्ण सोड… घरघरू देत! आता बंद कर आणि डबा उचलून बाहेरच्या खोलीत ठेव. भिंतीला चिकटवू नकोस, मागे हातभर जागा सोड. माइकच्या आणि स्क्रीनच्या वायरी दाराखालून घे. पुरतील, मुद्दाम लांब दिल्या होत्या… परत चालू कर… दार लाव… मी आहे फोनवर.

झालं? किती?… ऐंशी. उतरतोय, थांब… सदुसष्ट? हे बघ! आणि खोलीत काही ऐकू येतंय?… मग? उगाच जीव टांगणीला लावलास माझा.

काय?… त्यांच्याकडे फोन देतेस?…

नको.

नको ताई. बोलावंसं वाटतं गं, मला नाही का वाटत? पण घसा किती लवकर दमतो त्यांचा. उरलाय तेवढा आवाज रेकॉर्डिंगला लागू दे. म्हणावं, मेहुण्याला शिव्या घालायच्या राहिल्या असतील तर त्याही घालून ठेवा. ऐकेन मी सावकाश.

थांब… मागून कोण हाक मारतंय? भावोजीच ना? ‘ऐकलंस का गं?’… रोज अशीच मारतात? मग वाचायच्या वाक्यांत आहे का हे?… कसं असेल!

ताई, ओ देऊ नकोस. आधी रेकॉर्डिंग चालू कर… अगं हाक मारतील परत, तू ओ दिली नाहीस तर मारतीलच… जा. ठेवतो मी.